परभणीचं ऊन वेगळं, समुद्रकाठचा उकाडा वेगळा : जांबोरीविषयी पालकांचे प्रश्न

जागतिक स्काऊट जांबोरी, म्हणजे देशोदेशीच्या स्काऊट-गाईड मुलामुलींचा मेळावा, २०२७ मध्ये ३० जुलै ते ८ ऑगस्टला पोलंडमध्ये ग्दान्स्कजवळच्या एका बेटावर भरणार आहे. ही बातमी मराठवाड्यातल्या शाळांत पोचल्यापासून मला रोज तेच ते प्रश्न येताहेत. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देतो.

मुलगा आता नववीत आहे. चालेल ना? (पालक, उदगीर)

इयत्ता बघत नाहीत, वय बघतात. जांबोरीच्या वेळी १४ पूर्ण हवीत आणि १८ च्या आत. जन्मदाखला घेऊन स्काऊट-गाईडच्या जिल्हा संघटकांना भेटा.

मुलींना घेतात का? (गाईड कॅप्टन, अंबाजोगाई)

घेतात. आपली भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना स्काऊट आणि गाईड अशा दोन्ही जागतिक संघटनांची सभासद आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आंतरराष्ट्रीय जांबोरीत थेट निवड’ असा मेसेज आला. २५ हजार आगाऊ मागताहेत. भरू का? (पालक, हिंगोली)

भरू नका. जागतिक जांबोरीला कुणी एकटादुकटा नाव नोंदवू शकत नाही, देशाच्या संघटनेमार्फतच जावं लागतं. शाळेचं पथक, मग जिल्हा, मग राज्य, मग दिल्ली, असा रस्ता आहे. खर्च येतो, नाही असं नाही. पण तो परिपत्रक काढून मागतात आणि त्याची पावती मिळते. आईबापांच्या हौसेवर दुकान मांडणाऱ्या या लोकांचा मला मनापासून संताप आहे. तो मेसेज जिल्हा कार्यालयात दाखवा.

कोरियात मुलं उन्हानं आजारी पडली म्हणे. आपली पोरं ४४ अंशांत क्रिकेट खेळतात, त्यांना काय होणार? (पालक, परभणी)

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तरच सांगतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियातल्या सेमांगम इथे मागच्या जागतिक जांबोरीला सुमारे ४३ हजार जण जमले होते. समुद्र हटवून काढलेली सपाट जमीन, सावलीला झाड नाही, मैदानात पाणी साचलेलं. पारा ३५ च्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मार्चमध्ये असतो तेवढाच. तरी शेकडो मुलांना उपचार घ्यावे लागले. ब्रिटननं आपलं साडेचार हजारांचं पथक तळावरून हलवलं, अमेरिका आणि सिंगापूरही निघाले. शेवटी वादळ येतंय म्हणून सगळा तळच रिकामा करावा लागला.

घाम सुकला की अंग थंड होतं. आपल्या कोरड्या उन्हात तो लगेच सुकतो. दमट हवेत तो नुसता ओघळतो आणि अंग तापतच राहतं. त्यामुळे परभणीच्या उन्हाची सवय तिथे पुरत नाही. पोलंड थंड आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण त्याआधीची सराव शिबिरं आपल्याच हवेत होणार आहेत आणि पावसानंतर तीही दमट होते.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात माझं एक शिबिर होतं. आदल्या रात्री पाऊस पडलेला, सकाळपासून उकाडा. ध्वजवंदन झालं आणि एक संघनायक स्वतःच्याच संघातल्या मुलांची नावं चुकायला लागला. कपाळाला हात लावला तर चटका बसला. कमरेची बाटली उघडली, ती काठोकाठ भरलेली. शौचालयापुढे रांग होती, म्हणून पोरगा सकाळपासून पाणीच प्यायला नव्हता. स्कार्फ सोडला, सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतलं, वारा घातला आणि तसंच दवाखान्यात नेलं. तो वाचला. बाटल्या बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं. मुली तर घाण शौचालयाला भिऊन सर्रास पाणी टाळतात. म्हणून शिबिराला पाठवण्याआधी तिथल्या शौचालयांची चौकशी करा, लाजू नका.

आणखी एक. ‘ओआरएस’ म्हणून हातात पडणारं गोड सरबताचं पाकीट म्हणजे ओआरएस नव्हे. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा चालू गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांची चिठ्ठी पथकप्रमुखांकडे द्या.

पासपोर्ट कधी काढावा? (पालक, जालना)

आजच अर्ज करा. निवड झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची धावपळ मी दरवेळी बघतो. जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे दुरुस्त करण्यातच महिने जातात. नंतर व्हिसा आहेच. कागद जुळत नसतील तर एजंट गाठू नका, पासपोर्ट कार्यालयातच विचारा.

तिकडच्या मुलांना द्यायला पेढे पाठवावेत का? (आजी, बीड)

नको, आजी. बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपीय संघात बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतील. मुलं एकमेकांना बॅज आणि स्कार्फ देतात. हिमरू कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा दिलात तरी जपून ठेवतील.

आईबाबा ऊसतोडीला जातात. आमच्याकडे एवढे पैसे नाहीत. मी काय करू? (विद्यार्थी, केज)

बाळा, तुझ्यासाठीही जांबोरी आहे. दर ऑक्टोबरात रेडिओवरून आणि इंटरनेटवरून जगभरचे स्काऊट एकमेकांशी बोलतात. रेडिओवरची ही जांबोरी १९५८ पासून चालू आहे. भाग घ्यायला फी नाही, पासपोर्टही लागत नाही. शाळेचा संगणक, आपले गुरुजी शेजारी आणि घरच्यांची परवानगी, एवढं हवं. आईबाबा कारखान्यावर जायच्या आत त्यांची सही घेऊन ठेव आणि गुरुजींना आत्ताच सांग.