कोल्हापुरात आजोबांच्या रंगपेटीत ‘इंडियन यलो’ची जुनी ट्यूब सापडली. ती खरंच गोमूत्रापासून केलेली असेल का?

बहुतेक नाही. लेबलवर ‘ह्यू’ (म्हणजे नुसती तशी छटा) किंवा ‘पीवाय ८३’सारखा रंगद्रव्याचा कोड छापला असेल तर विषयच संपला, तो आधुनिक कृत्रिम रंग.

अस्सल रंगाची हकिकत त्रैलोक्यनाथ मुखर्जी या सरकारी अधिकाऱ्यांनी १८८३ साली एका पत्रात लिहून ठेवली आहे. बिहारमधल्या मुंगेरजवळच्या मिर्झापूरचे गवळी गाईंना आंब्याचा पाला खाऊ घालत, मूत्र आटवत आणि खाली बसलेल्या साक्याचे गोळे वळून वाळवत. गोळा बाहेरून मातकट, फोडला की आत झळझळीत पिवळा. वासही येई, आणि तो गाईचाच! गाईंचे मात्र हाल होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा माल बाजारातून गेला. म्हणजे पेटी कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्या पिढीतली असेल तरच थोडी आशा.

घरच्या घरी एवढंच करा: ट्यूबच्या तोंडाशी सुकलेला रंग असेल तर अंधारात त्यावर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. अस्सल रंग पिवळाधमक उजळतो. उजळला म्हणून अस्सलच असं नाही, पण ढिम्म राहिला तर नाद सोडा. झाकण पकडीने पिळू नका. संग्राहकाला लेबल आणि न उघडलेली ट्यूबच हवी असते.

आणि हो, पेटीत हरताळ (पिवळा), हिंगूळ (लाल) किंवा सफेदा (पांढरा) या जुन्या रंगांच्या पुड्या असतील तर हुंगू नका. अनुक्रमे आर्सेनिक, पारा आणि शिसं आहे त्यात.