‘यी ओल्ड’मधला वाय हा वाय नव्हेच

प्रश्न असा आहे: लंडनमधल्या जुन्या पबांच्या पाट्यांवर ‘द’च्या जागी वाय-ई ही अक्षरं दिसतात. पूर्वीचे इंग्रज ‘द’ला ‘यी’ म्हणत होते का?

नाही, कधीच नाही. त्या वायच्या जागी मुळात थॉर्न नावाचं वेगळंच अक्षर होतं. फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘यी ओल्ड चेशायर चीज’मधलं ते ‘यी’ म्हणजे साधं ‘द’.

थॉर्न म्हणजे काटा. टी-एचच्या ध्वनीला रोमन लिपीत सोयीचं अक्षर नव्हतं, म्हणून अँग्लो-सॅक्सन लेखनिकांनी ते आपल्या रून लिपीतून, म्हणजे रोमनच्या आधीच्या जुन्या लिपीतून, उचललं. स्मॉल बी आणि स्मॉल पी एकमेकांवर ठेवले तर जो आकार होईल तो थॉर्नचा: मधे एकच पोट, आणि उभा दांडा वरही लांब, खालीही लांब. ‘थिन’मधला अघोष (घसा न थरथरता येणारा) ध्वनी आणि ‘दिस’मधला घोष (घसा थरथरून येणारा) ध्वनी, दोन्हींना हेच अक्षर चाले. (आपण थ आणि द लिहितो ती निव्वळ सोय. आपल्या थमध्ये जीभ दाताला टेकून हवा अडते. इंग्रजीत ती अडत नाही, फटीतून घासत जाते.) त्याच ध्वनींसाठी एथ नावाचं आणखी एक अक्षर होतं, डीच्या दांड्याला आडवी रेघ मारलेलं. पण एकाला घोष, दुसऱ्याला अघोष अशी वाटणी जुन्या इंग्रजीत नव्हती. तशी नेमकी वाटणी हवी असेल तर ध्वनिलिपीकडे, म्हणजे दर ध्वनीला वेगळं चिन्ह देणाऱ्या लिपीकडे, जावं. १३००च्या सुमारास एथ मागे पडलं, थॉर्न टिकलं.

आता खरी गंमत. डब्ल्यूच्या ध्वनीसाठी विन नावाचं अक्षर होतं, पीसारखं दिसणारं. ते वापरात होतं तोवर थॉर्नचा वरचा दांडा आखूड करणं धोक्याचं होतं. विन जाऊन डब्ल्यू आला आणि ती अडचण संपली. मग दांडा बसका झाला, घाईत पोटाचं वरचं तोंड उघडं राहू लागलं, खाली शेपूट उरलं. असं अक्षर वायपासून वेगळं कसं ओळखायचं? दक्षिण इंग्लंडमध्ये वायवर टिंब देऊन फरक राखला जाई. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये बऱ्याच हस्तलिखितांत दोन्ही अक्षरं हुबेहूब एक झाली. आपल्याकडे सुट्या ‘ख’चा ‘रव’ होतो, तशातलाच प्रकार. म्हणून प्रमाण खमध्ये रचं शेपूट वला खाली जोडतात.

छपाईने थॉर्नचा बळी घेतला असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्याच्या आधीच टी-एच पुढे सरकलं होतं. युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नव्हता, तेव्हा उरलेल्या संक्षेपांपुरता वाय बसवला गेला. ओळीत जागा कमी पडली की वाय आणि त्याच्या डोक्यावर बारीक ई, म्हणजे ‘द’. वर बारीक टी असेल तर ‘दॅट’. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्येही असे संक्षेप सापडतात.

वाचताना घोटाळा होतो तो इथे, कारण ‘तुम्ही’ या अर्थाचं ‘यी’ हे सर्वनाम खरोखरच होतं आणि त्यातला वाय अस्सल होता. दोन खुणा बघाव्यात. ई वर चढवलेला असेल तर ‘द’; ओळीतच सरळ असेल तर बहुधा ‘तुम्ही’. तरी शंका राहिली तर पुढचा शब्द पाहा: नाम किंवा विशेषण आलं तर ‘द’, क्रियापद आलं तर ‘तुम्ही’. पाट्यांवर मात्र पहिली खूण निरुपयोगी. ही नावं घडवण्याची हौस १९व्या शतकात फोफावली आणि त्यात ई खाली उतरला. ‘ओल्ड’च्या शेपटाला लावलेला जादा ईसुद्धा बहुतेक वेळा नुसती सजावट.

आइसलँडिकमध्ये थॉर्न आणि एथ आजही रोजच्या वापरात आहेत. थॉर्न शब्दाच्या सुरुवातीला, एथ मधे किंवा शेवटी. तिथली नावं वाचताना परदेशी माणूस थॉर्नला पी समजतो आणि ‘थोर’चा ‘पोर’ करून टाकतो. स्वतः टाइप करायचं असेल तर विंडोजवर ऑल्ट दाबून धरून नंबरपॅडवर ०२५४, कॅपिटलसाठी ०२२२. सुरुवातीचं शून्य विसरलात तर भलतंच चिन्ह उमटेल.