तीनचाकी बुलेटला उंच हँडल लावलं तर वळवायला हलकं जातं का?

भाऊ, तुमची गाडी मला समजली ती अशी: पुढे जुनी बुलेट, मागे दोन चाकांवर हौदा, काम शेतातून कापूस-संत्रा आणायचं. हँडल लय जड जातं म्हणून फूटभर उंच हँडल बसवायचं मनात आहे. तर उंचीनं हँडल हलकं होत नाही. झालाच तर त्रास वाढतो.

हँडल फिरतं कोनसेटमधून (हँडलखालच्या बेअरिंगमधून) जाणाऱ्या दांड्याभोवती. त्या दांड्यापासून मूठ बाजूला किती लांब आहे, त्यावर जोर ठरतो. पान्याला पाइप जोडला की घट्ट नट सुटतो, तसंच हे. मधून मुठीपर्यंतचं अंतर ३५ सेंमीचं ४० केलं तर जोर आठव्या हिश्शानं कमी लागेल. तीच मूठ फूटभर वर नेली तर या हिशेबात काहीच हाती लागत नाही. उंचीचा जोर पडतो तो क्लॅम्पवर, म्हणजे हँडल आवळून धरणाऱ्या पकडीवर. ब्रेक मारला की अंगाचा भार मुठींवर येतो, आणि मूठ क्लॅम्पपासून ४ इंचांऐवजी १२ इंच वर असली तर हँडल पुढे लोटणारा जोर तिप्पट होतो. बोल्ट ढिला असला तर हँडल जागीच फिरलं म्हणून समजा.

मग जड काहून जातं? दुचाकी वेगात असली की वळताना कलते, हँडलला नुसता इशारा पुरतो. तीनचाकी कलत नाही, तिचं पुढचं चाक हातानंच ओढून वळवावं लागतं. त्यात त्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत नेली तर टायर त्या जागेच्या मागे टेकतो, साधारण १० सेंमी. हे अंतर दुचाकीला सरळ धरून ठेवतं. तुम्हाला मात्र दर वळणावर त्याच्याशीच झोंबावं लागतं. म्हणून कंपनीच्या तीनचाकीत आधीच सोय असते. हार्लेच्या ट्राय ग्लाइडमध्ये २००९च्या मॉडेलपासून मान (चासीची ती नळी, जिच्यात हँडलचा दांडा बसतो) उभ्यापासून २६ अंशांवर आणि शॉकप (पुढचं चाक धरणारे दोन पाय) ३२ अंशांवर ठेवलेत, ते हे अंतर आवरायलाच. पण हे पाहून टी (शॉकप धरणारी जाड पट्टी) कापून वेल्डिंग करून घेऊ नका बाप्पा. अंतर फार घटलं की हँडल थरथरायला लागतं, आणि वेल्डिंग तुटलं तर पुढचं चाकच हातचं जातं.

आता पांदण. बैलबंडीच्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या की तुमची मागची चाकं त्या दोन चाकोऱ्यांत जातात आणि पुढचं बरोबर मधल्या गवताच्या वरंब्यावर. तिथून ते घसरलं की हँडलला हिसका बसतो. हँडल खाली असलं, कोपर वाकलेलं असलं, तर तो हिसका अंगात जिरतो. हात खांद्याच्या वर टांगलेले असले तर सगळा भार खांद्यावर येतो, आणि लांब पाइप लवचतो म्हणून तुमचा जोर चाकापर्यंत उशिरा पोचतो.

आणखी एक भानगड आहे. उंच हँडल हाताला पुरावं म्हणून ते मागे ओढून घेतात. मुठी दांड्याच्या रेषेपासून फार मागे आल्या की उजवीकडे वळताना त्या डावीकडे सरकतात. नेमकं तेव्हाच तुमचं अंगही डावीकडे फेकलं जातं. अंग मुठींना लोटतं, वळण आणखी आवळतं, आणि मागचं आतलं चाक उचलायला बघतं. रिकाम्या हौद्यात हे लवकर होतं.

माझं ऐकाल तर आधी पुढचं चाक जॅकवर उचला आणि हँडल एका बोटानं फिरवून पाहा. अडकलं तर कोनसेट बदला, ग्रीस भरा. पुढच्या टायरची हवा बघा. मागे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नसून दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर घट्ट असतील तर गाडी सरळच जायला बघेल, आणि चेन एकाच चाकाला असेल तर एका अंगाला ओढेल. हे दोष कोणत्याच हँडलनं जात नाहीत. पोती हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला लादू नका. पुढचं चाक हलकं होतं, मग वळवलं तरी गाडी वळत नाही. एवढं करून हँडल बदलायचंच तर २-३ इंच जास्त रुंद घ्या, आणि मुठी खांद्याच्या खालीच ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या मूळ रचनेत मनानं बदल चालत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचा हौदाच त्यात बसतो, तेव्हा आरटीओत विचारून घ्या.

हँडल बदललं की क्लचची, रेसची आणि पुढच्या ब्रेकची वायर लांब लागते. जुनीच ताणून बसवली तर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहा. इंजिनाचा आवाज जरासा जरी चढला तरी गाडी रस्त्यावर काढू नका.