सेशनने रॅम भरतेय? प्लॅन वाढवायच्या आधी हे बघा

गाववाले, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा आंब्याचा सीझनच डोळ्यासमोर आला. गुहागरच्या होमस्टेंची बुकिंग साइट, नोड-एक्सप्रेसवर (जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहायची साधनं), सकाळी रिस्टार्ट केली की मस्त चालते, दिवसभर मेमरी चढत जाते, रात्री प्रोसेस मरते, सगळ्यांचं लॉगिन उडतं, अर्धवट बुकिंगं जातात. आणि होस्टिंगवाले म्हणतायत चार जीबीचं आठ जीबी करा. करू नका, निदान आज तरी नको.

मी देवगडातल्या बागायतदारांची ऑर्डर साइट सांभाळतो. आमचं हे नेमकं अक्षय तृतीयेच्या तोंडावर सुरू झालं, मुंबई-पुण्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी धो धो येत असतात तेव्हा. होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाकलं (नाव घेत नाही), उत्तर आलं ट्रॅफिक वाढलंय, वरचा प्लॅन घ्या. घेतला. परत तेच. परत तिकीट, या वेळी दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा, आणि त्याचंही उत्तर वरचा प्लॅन घ्या. कुठली प्रोसेस मेमरी खातेय, ती मेली कशाने, एकानेही लॉग उघडला नाही हो! टाकी मोठी केली आणि नळ तसाच चालू ठेवला तर ती भरायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. पण तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि पिकलेलं फळ कोणासाठी थांबत नाही. पैशापेक्षा याचा राग मला अजून येतो.

मग अॅक्सेस लॉग (कोणी कधी कुठलं पान मागितलं याची नोंद) उघडला आणि सगळं तिथेच दिसलं. साइट चालू आहे का ते बघणारा मॉनिटर दर मिनिटाला होमपेज मागत होता. त्याला कुकी (ब्राउझरने जपायची ओळखचिठ्ठी) सांभाळता येत नाही, म्हणून दर वेळी सर्व्हरने त्याला नवं सेशन (त्या पाहुण्याची सर्व्हरवरची तात्पुरती नोंद) दिलं, दिवसाला १४४० सेशनं, आणि माणूस एकही नाही! वर सर्च इंजिनांचे बॉट, तेही कुकी घेऊन परत येत नाहीत. तुम्हीही सेशनचा स्टोअर (सेशनं साठवायची जागा) बदलला नसेल तर हे सगळं प्रोसेसच्या मेमरीत साठतंय. तो डिफॉल्ट मेमरी स्टोअर प्रॉडक्शनसाठी नाहीच, त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलंय, आणि कुकीला मॅक्सएज (किती वेळ टिकायचं ते) दिलेलं नसेल तर जुनी सेशनं कधी एक्सपायरच होत नाहीत.

तेव्हा आधी सेशनच्या सेटिंगमध्ये सेव्हअनइनिशिअलाइज्ड (रिकामं सेशनही साठवायचं का) फॉल्स करा, रीसेव्हही (न बदललेलं परत साठवायचं का) फॉल्स. मग सेशनमध्ये काय कोंबलंय ते बघा. शोधलेल्या होमस्टेंची अख्खी यादी, फोटोंच्या लिंकांसकट, तिथे टाकायची सवय फार जणांना असते. एक सेशन ५० केबी धरलं तर १०,००० सेशनांचे ५०० एमबी झालेच. माझं ठाम मत, सेशनमध्ये युजरचा आयडी आणि चालू बुकिंगचा आयडी, बस्स. बाकी डेटाबेसमध्ये.

स्टोअर रेडिसवर (डेटा रॅममध्ये ठेवणारा वेगळा सर्व्हर) न्या, पण तिथेही रॅमच लागते हे विसरू नका. ६४ बिटच्या मशीनवर मॅक्समेमरीची, म्हणजे रेडिसने किती रॅम घ्यायची याची, मर्यादा डिफॉल्टने नसते, ती घाला. आणि ती भरल्यावर काय करायचं याची डिफॉल्ट पॉलिसी नोइव्हिक्शन (जुनं काही काढायचं नाही) असते, म्हणजे मर्यादा भरली की नवीन सेशन लिहितानाच एरर येते. फक्त सेशनसाठी वापरत असाल तर व्होलाटाइल-टीटीएल (ज्यांची मुदत आधी संपणार ती आधी काढणारी) मला बरी वाटते. रेडिसचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका.

सेशन किती वेळाने संपवायचं, त्या टाइमआउटबद्दल लोक सांगतात पंधरा मिनिटं ठेवा. आपल्याकडे नाही चालत. गिऱ्हाईक कोकण रेल्वेत बसून फॉर्म भरतं, करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रेंज गेली की गेली, पुढे घाटातही तेच. पाहुण्याचं सेशन छोटं, लॉगिनवाल्याचं मोठं ठेवा आणि फॉर्मची प्रत्येक पायरी डेटाबेसमध्ये सेव्ह करा, मग सेशन मेलं तरी बुकिंग राहतं.

हे सगळं नोडपुरतं हं, तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे मेमरीची गळती (लीक) दुसरीकडेही असू शकते. पीएचपीत सेशन मुळात डिस्कवरच्या फाइलीत जातं, टाइमआउट डिफॉल्ट १४४० सेकंद. टॉमकॅटचा (जावाच्या साइट चालवणारा सर्व्हर) डिफॉल्ट ३० मिनिटं, आणि तिथे जेएसपी (जावाचं वेब) पान न मागता सेशन बनवतं, नको त्या पानांवर ते बंद करा.

प्रोसेस कशी मरते तेही बघा. डीमेसेजमध्ये (कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, लॉग दाखवणारी कमांड) आउट ऑफ मेमरी आणि पुढे नोडचं नाव असेल तर कर्नलने मारली. अॅपच्याच लॉगमध्ये हीप आउट ऑफ मेमरी असेल तर नोडची स्वतःची मर्यादा भरली, आणि मग मशीनची रॅम वाढवून उपयोग होईलच असं नाही. जी ओळ सापडेल ती इथे टाका, आणि होस्टिंगच्या पुढच्या तिकिटातही तीच चिकटवा. तरीही प्लॅन वाढवा म्हणाले तर विचारा, वाढवून ही ओळ परत येणार नाही हे लेखी देता का.