विज्ञानकथेतल्या आरमारासाठी वेगवान आणि जबर शस्त्रांची युद्धनौका कशी रचावी?

तुमच्या कथेतल्या अंतराळ आरमारात 'सर्वात वेगवान आणि सर्वात जास्त शस्त्रं असलेला' युद्धनौकांचा एक वर्ग आहे, पण वाचून बघणाऱ्या मित्रांना तो खरा वाटत नाही, असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय. मी देवगड बंदरात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि विज्ञानकथांचा मला जुना नाद आहे, म्हणून उत्तर देतोय. तुमच्या वर्णनात त्या नौकेजवळ काय काय आहे ते सगळं आलंय. काय नाही, ते कुठेच आलेलं नाही. गोम तिथेच आहे.

आमच्याकडे कोणी जादा ताकदीचं इंजिन बसवायला निघाला की जेटीवर एक प्रश्न हमखास येतो, 'इंजान मोठा घेतलंस, पण डिझेल खंय ठेवतलंस?' इंजिन मोठं, मग टाकी मोठी. टाकी मोठी की बर्फाची जागा गेली, आणि बर्फ कमी म्हणजे लांब जाऊन चार दिवस राहणं संपलं. बोट पळते खरी, पण लवकर घरी यावं लागतं. युद्धनौकेचंही असंच आहे. वेग आणि तोफा एकदम हव्या असतील तर किंमत कशातून तरी वळती होणारच: चिलखत, पल्ला, माणसांची सोय, नाहीतर पैसा. लेखकाने ठरवायचं ते एवढंच, की आपल्या आरमाराने कुठे काटछाट केली.

मराठा आरमारातल्या आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे शिडाच्या लढाऊ नौका, बघा. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचं बारकाईने वर्णन केलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब फार तर 150 टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची. लांबीच्या मानाने रुंद आणि तळ उथळ, म्हणजे खाडीत सहज शिरेल अशी. पुढे निमुळती लांब नाळ आणि तिच्यावरून थेट समोर डागणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या. सोबतची गलबतं आणखी लहान, पण त्यांना चाळीस-पन्नास वल्ही. ती वल्हवत ताशी चार मैल जात, असं तो लिहितो.

ताशी चार मैल वाचून हसू येईल. पण वारा पडलेला असताना समोरचं व्यापारी जहाज ताशी शून्य मैल जात असतं! अशा वेळी गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणायची आणि शत्रूच्या पिछाडीला नेऊन ठेवायची, कारण त्याच्या बहुतेक तोफा बाजूंना असत. मग मारा डोलकाठ्या आणि शिडांवर. जहाज लंगडं झालं की गलबतांतली माणसं चढायची. भर समुद्रात जोराच्या वाऱ्यावर हाच सामना झाला असता तर मोठ्या विलायती जहाजासमोर गुराबेची डाळ शिजणं कठीण होतं. म्हणजे 'वेगवान' हा शब्द एकटा लिहून भागत नाही. कुठल्या पाण्यात आणि कुठल्या वाऱ्यात, तेही लिहावं लागतं.

अंतराळात पाणी नाही आणि वारा नाही, तरी हा प्रश्न सुटत नाही. उलट तिथे तो जास्त टोचतो. रॉकेटचं गणित निर्दय आहे. इंजिन ज्या वेगाने वायू मागे फेकतं, तेवढाच बदल नौकेच्या वेगात हवा असेल तर भरलेली नौका रिकाम्या नौकेच्या 2.7 पट जड असावी लागते. दुप्पट बदल हवा तर 7.4 पट, तिप्पट हवा तर 20 पट. त्या तिसऱ्या नौकेवर कोणा सरदाराने एक टन चिलखत वाढवायचा हट्ट धरला, तर पाठोपाठ 19 टन इंधन वाढतं. हा हट्ट आणि त्यावरची हुज्जत, एवढ्यावर तुमचं एक प्रकरण निघेल. चपळाई आणि पल्ला यातही फरक ठेवा. झटक्यात वळणारी, जोराने उसळी घेणारी नौका वेगळी आणि महिनोन्‌महिने वेग बदलत राहू शकणारी वेगळी. दोन्ही गुण एकाच नौकेला दिलेत तर ती जादूची झाली.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि कथांमध्ये ती सर्रास विसरली जाते. बोटीचं इंजिन थंड करायला खालून अख्खा अरबी समुद्र फुकट मिळतो. पंप बंद पडला की काय होतं ते मी रोज बघतो. अंतराळात उष्णता फक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकता येते. समजा, तुमच्या नौकेवर एक मेगावॅटचा लेझर आहे आणि वापरलेल्या विजेतली 30 टक्केच किरणांत उतरते. म्हणजे सव्वादोन मेगावॅटहून जास्त उष्णता नौकेतच राहिली. ती बाहेर टाकणारे पंखे (फिरणारे नव्हेत, पंखांसारखे पसरलेले रेडिएटरचे पत्रे) खोलीइतक्या तापमानाचे ठेवले तर सुमारे 5000 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे सव्वा एकर. तेच पंखे लालभडक, 700 अंश सेल्सियसच्या वर तापवले तर चाळीसेक चौरस मीटर पुरतात, पण मग नौका लांबूनही लख्ख दिसते. जास्त शस्त्रं म्हणजे जास्त पंखे, आणि ते चिलखताआड लपवता येत नाहीत. शत्रू तोफांवर नेम धरणारच नाही, पंख्यांवर धरेल.

खऱ्या इतिहासात 'पळण्यापुरतं चिलखत' हा प्रयोग ब्रिटिशांनी केलाय. 1907 मध्ये पाण्यात उतरलेली इन्व्हिन्सिबल ही पहिल्या बॅटलक्रूझरांपैकी एक. बारा इंची आठ तोफा, वेग 25 नॉट, आणि मुख्य चिलखत सहा इंच. ताकदवान जहाज दिसलं की पळायचं आणि दुबळं दिसलं की गाठायचं, ही कल्पना. 31 मे 1916 ला जटलंडच्या लढाईत अशा तीन ब्रिटिश नौका स्फोट होऊन बुडाल्या, त्यात इन्व्हिन्सिबलही होती. दोष नुसत्या पातळ चिलखताचा नव्हता. भराभर गोळे डागायच्या नादात दारूगोळा हाताळायचे सुरक्षेचे नियम धाब्यावर बसवले गेले होते, त्यामुळे तोफांच्या एका बुरुजात पेटलेली आग खाली कोठारापर्यंत पोचायला मोकळी वाट मिळाली. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण इथे नौकेच्या आराखड्यासोबत तिच्यावरच्या माणसांची सवयही दिसते.

पडद्यावरचं उदाहरण हवं तर 'स्टार ट्रेक'मधली 1994 साली आलेली डिफायंट. आकाराने लहान, शस्त्रांनी ठासून भरलेली, कागदोपत्री मात्र 'एस्कॉर्ट'. तिची खोड लेखकांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकली: इंजिन देहाच्या मानाने इतकं जबर की चाचणीत नौका स्वतःच विस्कटायच्या बेताला आली होती. त्या एका दोषामुळे ती लगेच पटते.

आता नाविक तळाबद्दल, कारण अशा नौका बंदरावर जगतात. 1971 च्या 4 डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या निपात, निर्घात आणि वीर या लहानशा क्षेपणास्त्र बोटी होत्या, प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. पल्ला कमी, म्हणून सोबत दोन कॉर्वेट (छोट्या युद्धनौका) आणि इंधनाचं जहाज धाडावं लागलं. तुमच्या कथेत ते इंधनाचं जहाज कुठेच नाही. शत्रूचा सेनापती हुशार असेल तर तो आधी त्याच्याच मागे लागेल.

इथून जवळच विजयदुर्ग आहे. वाघोटणच्या खाडीत उथळ तळाच्या नौका सुरक्षित राहत, मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग करत आत शिरणं अवघड. तरी फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याजवळ दाटीवाटीने उभं होतं. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली, ती बाकीच्यांवर पसरली आणि बहुतेक आरमार जागच्या जागी जळून गेलं. वेग होता, पण तो वापरायची वेळच आली नाही.

तुमच्या नौकांचा तळ कुठे आहे, तिथून बाहेर पडायच्या वाटा किती आणि इंधन कोण पुरवतं, हे प्रश्नात आलेलं नाही. तेवढं खाली लिहा. मग तोफा किती ठेवायच्या त्यावर बोलता येईल. माझा अंदाज, निम्म्या तरी उतरवाव्या लागतील.