पावलं मोजणारे मनगटी पट्टे बनवणारी फिटबिट कंपनी कोणी सुरू केली आणि त्या माणसाचं पुढे काय झालं?

जेम्स पार्क. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेला. निंटेंडो वी या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळताना त्यातले हालचाल ओळखणारे सेन्सर त्याच्या डोक्यात बसले, आणि २००७ मध्ये त्याने एरिक फ्रीडमनसोबत कंपनी काढली. सुरुवातीचा नमुना म्हणजे लाकडी डबीत ठेवलेला सर्किट बोर्ड! पुढे अँटेना नीट चालेना, तर बोर्डावर फोमचा छोटा तुकडा लावून भागवलं. मला त्याचा हाच चिवटपणा सगळ्यात मोठा वाटतो. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, मग ॲपल वॉच आणि स्वस्त चिनी पट्ट्यांनी घेरलं. २०२१ मध्ये ती गूगलकडे गेली; २०२४ मध्ये पार्क आणि फ्रीडमन दोघेही बाहेर पडले. आज आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरणारे काका-काकू मनगटाकडे बघत पावलं मोजतात, ती सवय रुजवण्यात पार्कचा वाटा फार मोठा आहे.