तीन लोगोंपैकी कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या घरगुती मसाल्यांसाठी डिझायनरने तीन लोगो दिलेत, घरात तीन मतं पडलीत, तर चांगला लोगो नेमका कशावरून ओळखायचा. कोथरूडच्या घरात तीनच मतं पडली असतील तर बरंच एकमत म्हणायचं. मी हेच काम करतो आणि नारायण पेठेतल्या छापखान्यांत माझं रोजचं जाणं-येणं असतं, त्यामुळे माझं उत्तर छपाईच्या बाजूला थोडं झुकणार.

पहिल्या लोगोत जातं, मिरच्या, उगवता सूर्य आणि नऊवारीतली आजी आहे, आणि ‘तो सगळं सांगतो’ म्हणून घरच्यांना आवडलाय. नेमका तोच आधी बाद करा. सांगायला अख्खं पाकीट आहे, लोगोने फक्त ओळख पटवायची. अॅपलचा १९७६ चा पहिला लोगो असाच होता. झाडाखाली बसलेला न्यूटन, वर लोंबणारं सफरचंद, भोवती चौकट आणि चौकटीत मजकूर. वर्षभरात तो गेला. १९७७ मध्ये रॉब जॅनॉफने नुसतं सफरचंद काढलं आणि त्याचा एक चावा घेतला. त्या चाव्याचे लोक नाना अर्थ लावतात, पण लहान आकारात ते फळ चेरीसारखं दिसू नये एवढाच हेतू होता, असं जॅनॉफनेच सांगितलंय. आपल्या स्टेट बँकेचा निळा गोल १९७१ पासून आहे. त्यात ना नाणं, ना तिजोरी. कोणाला त्यात कुलपाचं भोक दिसतं, कोणाला आणखी काही. कर्वे रोडच्या पलीकडून बँक मात्र लगेच कळते. एलआयसीचे दिव्याभोवतीचे दोन हात अर्थ सांगतात हे खरं, पण तिथेही गोष्ट एकच आहे. आजी आणि सूर्य एकत्र नाहीत.

आता रंग. ‘लाल तिखटाचा लाल घ्यावा की हळदीचा पिवळा’ यावर घरोघरी वाद होतात आणि आकाराकडे कोणी बघत नाही. तुमच्या पाकिटावर कायद्याने एक चिन्ह येणारच आहे, ते बघा : हिरव्या चौकटीत हिरवा गोल. पूर्वी मांसाहारी पदार्थांनाही हाच आकार होता, फक्त रंग तपकिरी. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांची पंचाईत व्हायची. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहारासाठी गोलाच्या जागी त्रिकोण आला. म्हणजे आकार वेगळा नसेल तर नुसता रंग पुरत नाही. म्हणून तिन्ही लोगोंची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा, एक सेंटिमीटर रुंदीचीसुद्धा. उद्या हेच चिन्ह बिलबुकावर, रबरी शिक्क्यावर, पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर आणि मोबाइलवरच्या बारक्या गोलात बसायचंय. तिथे आजीचा चेहरा म्हणजे एक काळा ठिपका.

दुसरा लोगो म्हणजे इंग्रजी ‘एस’. दिसायला सफाईदार असेल, पण तसे ‘एस’ बाजारात ढिगाने आहेत. शिवाय उद्या दुकान घेतलंत तर महाराष्ट्रात पाटीवर नाव देवनागरीत लागतं, आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. बरेच जण इंग्रजी लोगो आधी करून बसतात आणि मग बोर्डवाला संगणकातला मिळेल तो फॉन्ट लावून मराठी नाव खाली चिकटवतो. देवनागरीचं गणित वेगळं आहे. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. इंग्रजीच्या पट्टीत ते कोंबलं की नाव चिरडल्यासारखं दिसतं. मराठी आधी काढा, इंग्रजी तिच्या बेताने बसवा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं आठवा. वर्तमानपत्राची काळी शाई, जेमतेम जागा, आणि नाव वाचून व्हायच्या आत नाटक ओळखू यायचं.

म्हणून माझं मत तिसऱ्याला, जिथे फक्त नाव आहे आणि त्यातल्या ‘ळ’ला वळण दिलंय. इंग्रजीत नसलेलं अक्षर आयतंच मिळालंय, ते सोडू नका. फक्त डिझायनरला सांगा की ‘ळ’च्या दोन्ही गाठी अजून मोकळ्या कर. आत्ताच्या जाडीत लहान छपाईला त्या शाईने भरतील.

पैसे देण्याआधी दोन कामं. फाइल व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतील अशा प्रकारात (सीडीआर किंवा एआय) घ्या, नुसता जेपीजी घेऊ नका. तो मोठ्या बोर्डावर फुटतो. आणि हक्क तुमच्या नावावर लेखी करून घ्या, कारण पैसे दिले तरी बाहेरच्या डिझायनरचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. त्या कागदावर हक्कांची मुदत आवर्जून लिहा, नाही लिहिली तर कायदा पाचच वर्षं धरतो. ट्रेडमार्कसाठी, म्हणजे नावाच्या सरकारी नोंदणीसाठी, मालाचे वर्ग पाडलेत, त्यात मसाले वर्ग ३० मध्ये येतात आणि व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. पाकिटं छापायला टाकायच्या आधी त्या वर्गात हेच नाव कोणी घेतलंय का, ते ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं.